कुणी थांबायचं? क्रम लावण्याच्या प्रश्नाचं गणित

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपचा सुपरवायझर सकाळी लेथवर कोणता जॉब आधी चढवायचा ते ठरवत असतो. त्याच वेळी मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात काउंटरवर ओपीडीचे नंबर लागत असतात. एसटीच्या डेपोत कुठल्या चालकाला कुठली ड्यूटी द्यायची याचा तक्ता तयार होत असतो. वाळवा-पलूसकडे साखर कारखान्याचा शेती विभाग उद्या कुठल्या शिवारात टोळी घालायची ते बघतो, आणि ताकारी-टेंभूच्या कालव्यावर कुणाच्या चारीला पाणी कधी सोडायचं यावर बोलणं चालू असतं. ही माणसं कामानिमित्त एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण त्यांच्यापुढचा प्रश्न एकच आहे. कामं पुष्कळ, ती करणारी साधनं थोडी. तर आधी कुणाचं, मग कुणाचं?

गणितात याला शेड्युलिंगचा प्रश्न म्हणतात. गेली सत्तर वर्षं कारखान्यांतले अभियंते, संगणकाचे अभ्यासक, दवाखान्यातल्या गर्दीचा अभ्यास करणारे आणि शेतीतले संशोधक त्यावर काम करत आलेत, आणि बऱ्याचदा शेजारच्या शाखेत काय चाललंय ते न बघता. कारखान्यात ज्यांना यंत्र आणि जॉब म्हणतात त्यांना संगणकात प्रोसेसर आणि टास्क म्हणतात, दवाखान्यात डॉक्टर आणि पेशंट. नावं बाजूला केली की खाली तेच गणित सापडतं. या सगळ्या संशोधनातली एक गोष्ट मला आपल्या भागासाठी फार मोलाची वाटते. क्रम लावणं म्हणजे कुणी किती थांबायचं ते ठरवणं. कुणाच्या थांबण्याची किंमत किती हे एकदा सांगितलं, की चांगला क्रम शोधायला गणित मदत करतं. ती किंमत मात्र गणितातून निघत नाही, ती माणसांनीच ठरवावी लागते.

आधी हा प्रश्न अवघड का आहे ते बघू. तीन-चार कामं असली तर सगळे क्रम कागदावर मांडून त्यातला बरा निवडता येतो. कामं दहा झाली की शक्य क्रमांची संख्या ३६ लाख २८ हजार ८०० होते. वीस झाली की २४३ वर सोळा शून्यं. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक लावला तरी तेवढे क्रम संपवायला त्याला सुमारे ७७ वर्षं लागतील. आणि साखर कारखान्याच्या नोंदवहीत प्लॉट वीस नसतात, हजारोंनी असतात. म्हणून संशोधनाचा रोख पहिल्यापासून दोन गोष्टींवर राहिला: सगळे क्रम न तपासता उत्तम क्रम देणारा नियम सापडतो का, आणि सापडत नसेल तर तो सापडणं अवघडच आहे हे सिद्ध करता येतं का.

एक लेथ, तीन जॉब

सगळ्यात साध्या प्रकारापासून सुरुवात करू. लेथ एकच. जॉब तीन आले: पहिला सहा तासांचा, दुसरा एका तासाचा, तिसरा तीन तासांचा. आले तसे घेतले तर ते सहाव्या, सातव्या आणि दहाव्या तासाला पुरे होतात. गिऱ्हाईक सरासरी सात तास चाळीस मिनिटं थांबतं. आता छोटा आधी घ्या: एक तासाचा, मग तीनचा, मग सहाचा. कामं पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या तासाला संपली. सरासरी पाच तास. लेथ दोन्ही वेळा दहाच तास चालला, वीज तेवढीच जळली, कामगार तोच. फक्त क्रम बदलला.

याचं कारण सरळ आहे. पुढे लागलेलं काम जेवढं लांब तेवढा वेळ मागच्या सगळ्यांना थांबावं लागतं. कुठल्याही क्रमात एखादं मोठं काम लहान कामाच्या लगेच पुढे असेल, तर त्या दोघांची अदलाबदल केली की एकूण थांबणं कमीच होतं. अशी अदलाबदल करत गेलं की शेवटी लहानाकडून मोठ्याकडे जाणारा क्रम उरतो. १९५६ साली डब्ल्यू. ई. स्मिथ यांनी याला एक पायरी जोडली. सगळ्यांचं थांबणं सारख्या किमतीचं नसतं. एखाद्या जॉबसाठी गिऱ्हाइकाची अख्खी गाडी बंद पडून असते, दुसऱ्याला घाई नसते. तेव्हा प्रत्येक कामाला त्याच्या महत्त्वाचा आकडा द्यायचा, त्याला लागणाऱ्या तासांनी भागायचं, आणि उत्तर मोठं येईल ते काम आधी घ्यायचं. एका लेथपुरतं हे सिद्ध झालेलं उत्तम उत्तर आहे.

पण गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असेल तर? समजा सहा तासांचा जॉब सहाव्या तासाला हवाय, एका तासाचा नवव्या तासाला आणि तीन तासांचा दहाव्या तासाला. 'छोटं आधी' केलं तर सहा तासांच्या जॉबवाल्याला चार तास उशीर होतो. ज्याची मुदत आधी त्याचं काम आधी घेतलं तर कामं सहाव्या, सातव्या आणि दहाव्या तासाला संपतात आणि कुणालाच उशीर होत नाही. सगळ्यात जास्त झालेला उशीर कमीत कमी ठेवायचा असेल तर मुदतीचाच क्रम घ्यावा, हे जे. आर. जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवलं. आणि कामं इतकी झाली की कुणाला तरी उशीर होणारच, आणि आपल्याला उशीर झालेल्यांची संख्या तेवढी कमी ठेवायचीय, तर? त्याचं उत्तर मूर यांनी १९६८ मध्ये दिलं: मुदतीच्या क्रमाने घेत जा, जिथे मुदत हुकेल तिथे आतापर्यंत घेतलेल्यांतलं सगळ्यात लांब काम बाजूला काढून शेवटी टाका.

इथे थोडं थांबून बघा. तोच लेथ, तेच जॉब. सरासरी थांबणं कमी करायचं म्हटलं की एक क्रम, सगळ्यात मोठा उशीर टाळायचा म्हटलं की दुसरा, उशीर झालेल्यांची संख्या कमी करायची म्हटलं की तिसराही निघू शकतो. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. 'बरोबर क्रम कोणता?' या प्रश्नाला काय मोजायचं ते ठरल्याशिवाय उत्तरच नाही.

दोन यंत्रांवर सुटलं, तिसऱ्यावर अडलं

आता सांगलीतल्या एखाद्या छापखान्यात जाऊ. प्रत्येक काम आधी छपाईला, मग बाइंडिंगला. छपाईचं मशीन एक, बाइंडिंगवाला एक. कामं तीन. पहिल्याला छपाई पाच तास आणि बाइंडिंग दोन तास लागतं. दुसऱ्याला छपाई एक, बाइंडिंग सहा. तिसऱ्याला छपाई तीन, बाइंडिंग चार. पहिलं, तिसरं, दुसरं असा क्रम लावला तर सगळं उरकायला अठरा तास लागतात. दुसरं, तिसरं, पहिलं असा लावला तर तेरा तासांत होतं. पाच तास वाचले, कारण पहिल्या क्रमात बाइंडिंगवाला सकाळी पाच तास हातावर हात ठेवून बसला होता आणि सगळ्यात जड बाइंडिंग त्याच्याकडे शेवटी आलं.

यासाठी एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये दिलेला नियम इतका सोपा आहे की तो कुणीही पाठ करावा. सगळ्या कामांच्या सगळ्या वेळा एका तक्त्यात लिहा. त्यातला सगळ्यात लहान आकडा शोधा. तो पहिल्या यंत्राचा असेल तर ते काम सुरुवातीला टाका, दुसऱ्या यंत्राचा असेल तर शेवटी टाका. ते काम खोडा, आणि उरलेल्यांना पुन्हा तोच नियम लावत मधल्या जागा भरत जा. कामं शंभर असली तरी कागद-पेन्सिलीने अर्ध्या तासात उत्तम क्रम हातात येतो. आधुनिक शेड्युलिंगच्या संशोधनाची सुरुवात बरेच जण याच निबंधापासून धरतात.

साहजिकच लोकांना वाटलं की दोन यंत्रांचं सुटलं, आता तिसऱ्याचंही सुटेल. नाही सुटलं. छपाई, बाइंडिंग आणि वर कटिंग अशी तीन यंत्रं झाली की असा सोपा नियम मिळत नाही. गॅरी, डेव्हिड जॉन्सन (हे वेगळे जॉन्सन) आणि रवी सेठी यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तीन यंत्रांचा हा प्रश्न अशा एका कुळातला आहे ज्यातला एक जरी झटपट सोडवता आला तरी त्या कुळातले सगळेच सुटतील. हे कूळ १९७१ आणि १९७२ मध्ये कुक आणि कार्प यांनी ओळखलं. कार्प यांनी त्या वेळी दिलेल्या २१ प्रश्नांच्या यादीत कामांच्या क्रमाचा एक प्रश्नही होता. जगातल्या हुशार माणसांनी पन्नास वर्षं डोकं लावूनही त्यातल्या एकालाही झटपट रीत सापडलेली नाही, आणि तशी रीत नसावीच असं बहुतेकांना वाटतं. तसं पक्कं सिद्ध मात्र अजून झालेलं नाही.

या अवघडपणाची कल्पना देणारं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६३ मध्ये फिशर आणि थॉम्पसन यांच्या नावाने एक कोडं छापून आलं: दहा कामं, दहा यंत्रं, प्रत्येक कामाचा यंत्रांवरून जायचा मार्ग वेगळा. दिसायला लहान. त्याचं उत्तम उत्तर, म्हणजे सगळं उरकायला लागणारा कमीत कमी वेळ, ९३० आहे आणि त्याहून चांगलं शक्यच नाही हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. ते केलं कार्लिए आणि पिन्सों या दोन फ्रेंच संशोधकांनी. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यम फाउंड्रीत एका आठवड्याला यापेक्षा मोठं कोडं पडलेलं असतं. तेव्हा 'कॉम्प्युटरने लगेच काढून देता येईल की' असं कुणी म्हणालं तर हा सव्वीस वर्षांचा हिशोब त्याच्यापुढे ठेवावा.

मग लोक काम कसं चालवतात? उत्तमाचा हट्ट सोडून 'पुरेसं चांगलं' शोधतात. एक बरा क्रम घ्यायचा, त्यात थोडी अदलाबदल करत सुधारत न्यायचं, मध्येच मुद्दाम थोडं बिघडवून दुसऱ्या दिशेने बघायचं. अशा रीती १९८० च्या दशकात रुजल्या आणि आजची बहुतेक सॉफ्टवेअर त्यांच्याच पुढच्या पिढ्या वापरतात. परीक्षांची वेळापत्रकं, नर्सच्या शिफ्ट, विमानांच्या चालकांच्या ड्यूट्या, सगळं याच वाटेने बनतं.

माणूस वाढवला आणि काम लांबलं

रोनाल्ड ग्रॅहम यांचं १९६६ चं काम मला या विषयातलं सगळ्यात डोळे उघडणारं वाटतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

नऊ कामं आहेत. एक तीन तासांचं, तीन दोन-दोन तासांची, चार चार-चार तासांची, आणि एक नऊ तासांचं. अटी दोनच. नऊ तासांचं काम तीन तासांचं संपल्यावरच सुरू होतं. आणि दोन तासांच्या कामांतलं तिसरं संपल्याशिवाय चार तासांच्या एकाही कामाला हात लावता येत नाही. यादी वर सांगितली त्याच क्रमाने फळ्यावर लिहिलीय आणि नियम असा की जो मोकळा होईल त्याने यादीतलं पहिलं, करता येण्याजोगं काम उचलायचं.

तीन कामगार असतील तर सगळं बारा तासांत उरकतं. आता चौथा कामगार आणा. पंधरा तास लागतात.

ही चूक नाही, स्वतः कागदावर मांडून बघा. तिघं असताना तिसऱ्या तासाला एक जण मोकळा होतो तेव्हा चार तासांची कामं अजून खुली झालेली नसतात, म्हणून तो नऊ तासांचं लांब काम उचलतो आणि ते बाराव्या तासाला संपतं. बाकीचे दोघं तेवढ्यात उरलेलं सगळं संपवतात. चौथा माणूस आला की दोन तासांची कामं लवकर होतात, चार तासांची कामं दुसऱ्याच तासाला खुली होतात, आणि यादीत ती आधी असल्यामुळे सगळे त्यांच्यावर पडतात. लांब कामाला सहाव्या तासाला माणूस मिळतो. सहा आणि नऊ, पंधरा. तिघंच ठेवून प्रत्येक काम एका तासाने लहान केलं तरी बाराऐवजी तेरा तास लागतात.

ग्रॅहम तिथेच थांबले नाहीत. असा 'मोकळा होईल त्याने पुढचं घ्या' हा साधा नियम कितीही वाईट पडला तरी उत्तम क्रमाच्या दुपटीपर्यंत वेळ जाणार नाही, हेही त्यांनी सिद्ध केलं. कामं एकमेकांवर अवलंबून नसतील आणि मोठ्यात मोठं काम आधी घेतलं, तर उत्तमापेक्षा फार तर एक तृतीयांश जास्त वेळ लागतो, हे त्यांनी १९६९ मध्ये दाखवलं. बघा, एका लेथवर सरासरी थांबणं कमी करायला 'छोटं आधी' होतं. इथे सगळं मिळून लवकर उरकायचंय तर 'मोठं आधी'. मोजमाप बदललं की नियम उलटा झाला. आणि यंत्रं किंवा माणसं वाढवली की काम आपोआप लवकर होईल ही आपली पक्की समजूत अशा ठिकाणी दगा देते.

संगणक आणि मंगळ

संगणकाच्या शाखेने हाच प्रश्न वेगळ्या अंगाने घेतला. तिथे काम अर्धवट सोडून दुसरं घेता येतं, लेथवर ते सहज जमत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाला वेळेचा एक छोटा तुकडा द्यायचा आणि जो फार वेळ घेतोय त्याला हळूहळू मागच्या रांगेत सरकवायचं. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये सेकंदाला कितीतरी वेळा असाच निर्णय होत असतो.

गाडीचा ब्रेक, पेसमेकर, विमान यांत सरासरी चांगली असून चालत नाही. प्रत्येक काम वेळेत झालंच पाहिजे. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी दाखवलं की ठराविक काळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांना, वारंवार येणारं ते वरचढ, असा कायमचा मान ठरवून दिला तर संगणकावरचा भार सुमारे ६९ टक्क्यांपर्यंत असताना एकही मुदत न हुकण्याची खात्री देता येते. तोच क्रम दर क्षणी, ज्याची मुदत जवळ त्याला आधी, असा बदलत ठेवला तर ही खात्री १०० टक्क्यांपर्यंत जाते. जॅक्सन यांचा लेथवरचा नियम इथे वेगळ्या वेशात परत आला.

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक अधूनमधून स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. कारण क्रमातलं होतं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाने एक सामायिक साधन हातात धरलेलं असायचं. फार महत्त्वाचं काम त्याच साधनासाठी खोळंबायचं. एवढ्यात मधल्या महत्त्वाचं तिसरंच काम यायचं आणि कमी महत्त्वाच्या कामाला बाजूला सारून चालत राहायचं. अरुंद पाणंदीतून मोठ्या रस्त्यावर येणारी बैलगाडी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरांना वाट देत उभी राहावी आणि तिच्या मागे पाणंदीत रुग्णवाहिका अडकून पडावी, तसं. यावरचा उपाय आधीच शोधलेला होता: रुग्णवाहिका मागे आहे तेवढा वेळ बैलगाडीलाच रुग्णवाहिकेचा मान द्यायचा, म्हणजे ती पुढे निघेल आणि वाट मोकळी होईल. पृथ्वीवरून ती दुरुस्ती यानावर पाठवली गेली आणि संगणक स्थिर झाला.

डॉक्टर थांबणार की पेशंट?

मिरजेला दवाखान्यांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथे येतात. ओपीडीच्या बाकावर तासन् तास बसणं अशा घरांना नवीन नाही. ब्रिटनमध्ये नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की पेशंटांना लवकर बोलावून ठेवण्यामागे एकच भीती असते: डॉक्टर रिकामा बसू नये. म्हणून त्यांनी सुचवलं की सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, मग एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने एकेक. डॉक्टरचा रिकामा वेळ फारसा वाढत नाही आणि पेशंटचं थांबणं पुष्कळ कमी होतं.

रांगांच्या गणितातला एक आकडा इथे माहीत असायला हवा. माणसं ठरलेल्या वेळेशिवाय, कधीही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर साध्यातल्या साध्या मॉडेलमध्ये भार (म्हणजे डॉक्टर कामात असण्याचा वेळ) ८० टक्के असताना आत सरासरी चार माणसं असतात. ९० टक्क्यांना नऊ. ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे शेवटच्या पाच टक्क्यांसाठी रांग दुपटीहून वाढते. डॉक्टर असो, यंत्र असो की साखर कारखान्याची मिल, ती एक मिनिटही मोकळी राहता कामा नये असं ठरवलं की कुणाची तरी लांबलचक रांग त्याबरोबर ठरतेच. 'नो केन' (ऊस नाही म्हणून मिल बंद) होऊ नये म्हणून कारखाना यार्डात गाड्या भरून ठेवतो. मिलचं थांबणं महाग, हे खरंच आहे. पण काट्यापुढे रात्र काढणाऱ्या गाडीवानाचं थांबणं फुकट धरलंय, हेही तितकंच खरं.

उसाच्या तोडीचे तीन रकाने

१९७९ मध्ये ग्रॅहम, लॉलर, लेन्स्ट्रा आणि रिनॉय कान यांनी शेड्युलिंगच्या सगळ्या प्रश्नांसाठी एक लिहिण्याची पद्धत रूढ केली. तीन रकाने. पहिल्यात साधनं कोणती आणि किती, दुसऱ्यात अटी, तिसऱ्यात काय कमी किंवा जास्त करायचंय ते. ही पद्धत सगळ्या शाखांना सोयीची पडली. आपल्या सांगली-सातारा पट्ट्यातली ऊसतोड या तीन रकान्यांत मांडून बघू.

पहिला रकाना: तोडणी टोळ्या, हार्वेस्टर, ट्रॅक्टर, टायर बैलगाड्या, आणि रोज ठराविक टन गाळणारी मिल. म्हणजे छापखान्यासारखाच, टप्प्याटप्प्यांचा प्रश्न: तोड, वाहतूक, काटा, गाळप.

दुसरा रकाना भरगच्च आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, पूर्वहंगामी त्याहून कमी, सुरू आणि खोडवा साधारण वर्षाचे. प्रत्येकाचा पक्वतेचा काळ वेगळा. पक्व झाल्यावर फार दिवस उभा राहिला, तुरा आला, की साखर आणि वजन दोन्ही उतरायला लागतात. तोडल्यावर ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा, नाहीतर त्यातली साखर मोडत जाते. म्हणजे तोड आणि गाळप यांत अंतर पडता कामा नये, ही छापखान्यात नसलेली कडक अट इथे आहे. शिवाय टोळी एका गावातून दुसऱ्या गावाला हलवायची तर कोप्या मोडून पुन्हा उभारायच्या, त्यात दिवस जातो. म्हणून टोळी एका शिवारात घातली की तिथलं बरंचसं उरकूनच हलवण्याकडे कल असतो. आपल्यापेक्षा उशिरा लागण केलेल्या शेजारच्या गावातल्या उसाला आधी तोड आली की माणूस चिडतो. पण क्रमपाळीतली तारीख आणि टोळी हलवण्याचा खर्च या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात, हे त्यामागचं एक खरं कारण असतं. एकमेव कारण तेच असतं असं मी म्हणणार नाही. क्रम कसा लागला हे दिसत नसलं की एन्ट्री आणि खुशालीला (तोडीसाठी वरून द्याव्या लागणाऱ्या पैशांना) जागा होते, हे या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

तिसरा रकाना म्हणजे खरा वादाचा. कारखान्याला एकूण साखर उतारा जास्तीत जास्त हवा. शेतकऱ्याला त्याच्या उसाचं वजन हवं, रान वेळेत मोकळं हवं, आणि खोडवा ठेवायचा असेल तर उन्हाळा तापायच्या आत तोड हवी. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२४-२५ च्या हंगामाला ती १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३४० रुपये होती. याचा अर्थ माझा ऊस ऐन पक्वतेला तुटला तर वाढलेल्या साखरेचा फायदा सगळ्या सभासदांत वाटला जातो, आणि माझा ऊस एप्रिलपर्यंत वाळत उभा राहिला तर वजनाचा तोटा माझ्या एकट्याचा. सगळ्यांची मिळून बेरीज वाढवणारा क्रम आणि प्रत्येकाला रास्त वाटणारा क्रम इथे वेगळे होतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उसाच्या तोडीचं असं गणित मांडून बघितलं गेलंय, आणि तिथेही उत्पादक, तोडणीवाले आणि मिल यांच्यातली वाटणी हा गणिताइतकाच मोठा विषय राहिला.

पाऊस, चिखल, मिलचा बिघाड यांनी आज लावलेला क्रम उद्या मोडतो, हे तर आहेच. संशोधकांचं यावरचं उत्तर व्यवहारी आहे: पंधरवड्याचा आराखडा करा, रोज नवी माहिती घेऊन तो पुन्हा लावा, पण एकदा ज्याला तारीख सांगितली त्याची तारीख शक्यतो हलवू नका.

शेवटच्या चारीचं पाणी

रास्तपणाचा विचार क्रमातच कसा घालता येतो, याचं उदाहरण आपल्या कालव्यांवर आहे. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे नेतात. कालव्यावर शेजपाळीने, म्हणजे एकापाठोपाठ एक पाळीने, पाणी द्यायचं तर पाळी टेलकडून (शेवटच्या टोकाकडून) मुखाकडे यायला हवी. वरचा माणूस कालव्याच्या तोंडाशी आहे, त्याला पाणी मिळणारच. शेवटच्याला आधी दिलं तर त्याच्या वाट्याला काहीच न येण्याची भीती कमी होते. हा नियम एकूण पाण्याचा हिशोब करून निघालेला नाही, सगळ्यात वाईट कुणाचं होईल ते बघून निघालाय. प्रत्यक्षात तो पाळला जातो का, हा पाटकऱ्याला आणि पाणी वापर संस्थांना रोज भेडसावणारा प्रश्न आहे. नियमाची दिशा मात्र बरोबर आहे.

गणिताच्या भाषेत हा फरक लहानशा आकड्यांत दिसतो. तीन शेतकऱ्यांची तोड आहे. एका क्रमात दोघांना उशीर शून्य आणि तिसऱ्याला तीस दिवस, बेरीज तीस. दुसऱ्या क्रमात तिघांनाही बारा-बारा दिवस, बेरीज छत्तीस. बेरीज कमी करायला सांगितलेला संगणक न चुकता पहिला क्रम देईल. त्याला दोष देता येत नाही, आपण तिसऱ्या रकान्यात तेच लिहून दिलं होतं. सगळ्यात मोठा उशीर कमी करायला सांगा, तो दुसरा देईल.

दोन्ही एकत्र बसवण्याची एक रीत या विषयात फार वापरली जाते, आणि सहकारी कारखान्यांनी ती वापरून बघावी असं मला मनापासून वाटतं. तिसऱ्या रकान्यात उताराच ठेवायचा, पण दुसऱ्या रकान्यात एक अट वाढवायची: क्रमपाळीच्या तारखेपासून अमुक दिवसांपेक्षा जास्त उशीर कुणालाही होता कामा नये. मर्यादा दहा दिवसांची घातली तर उताऱ्यात किती घट येते, वीस दिवसांची घातली तर किती, आणि टोळ्या किती वेळा हलवाव्या लागतात, याचे बऱ्यापैकी अंदाज आजची सॉफ्टवेअर काढून देऊ शकतात. हे अंदाज हंगामाआधीच्या सर्वसाधारण सभेत मांडायचे आणि दहा घ्यायचे की वीस, यावर सभासदांनी हात वर करायचे.